मिडसाइज बिझनेस जेटचं खरं ॲव्हरेज कसं काढायचं? ब्रोशर बाजूला ठेवून करायची तुलना

गाडी घेताना आपण सगळ्यात आधी काय विचारतो? "ॲव्हरेज किती देते?" शोरूमवाला सांगतो चोवीस, आणि मग घरचे पाचजण, डिकीत बॅगा, एसी चालू आणि खंबाटकी घाट म्हटल्यावर मिळतं सोळा. बिझनेस जेटचं अगदी हेच आहे, फरक एवढाच की तिथे फरक पडला तर पंपावर थांबून चालत नाही, समुद्र असतो खाली.

मी काही वर्षं मुंबईत चार्टर विमानांच्या ऑपरेशन्स डेस्कवर काढलीत. पायलट नाही. पण कुठल्या विमानात किती माणसं, किती इंधन, कुठली धावपट्टी हे रोज जुळवायचं काम होतं, आणि दर महिन्याला एखादा शेठ नाहीतर त्याचा भाचा फोन करून विचारायचाच की "हॉकर चांगलं की सायटेशन? लिअरजेट फास्ट आहे म्हणतात ना?" उत्तर एका वाक्यात देता येत नाही म्हणून हे सविस्तर लिहितोय. यात जुनी विमानंच जास्त आहेत कारण आपल्याकडे सेकंडहँड आणि चार्टरमध्ये तीच जास्त बघायला मिळतात: सायटेशन एक्सएलएस, हॉकर ८००एक्सपी, लिअरजेट ६०, आणि नव्यातलं सायटेशन लॅटिट्यूड. मधेमधे गल्फस्ट्रीम जी१५० पण येईल.

एक गोष्ट आधीच सांगतो. खालचं सगळं तुलना करण्यापुरतं आहे, उड्डाणाचं प्लॅनिंग त्या त्या विमानाच्या फ्लाइट मॅन्युअलवरूनच होतं, या लेखावरून नाही.

पायरी १: ब्रोशरमधले आकडे वाचायला शिका

ब्रोशर खोटं बोलत नाही. ते लग्नाच्या बायोडेटासारखं असतं, प्रत्येक ओळ खरी पण सगळ्या ओळी एकाच दिवशी खऱ्या नसतात. लॅटिट्यूडचं बघा. रेंज, म्हणजे एका दमात कापता येणारं अंतर, २,७०० नॉटिकल मैल (एक म्हणजे साधारण १.८५ किलोमीटर, पुढे नुसतं 'मैल' म्हटलं की हेच), कमाल क्रूझ, म्हणजे वर गेल्यावरचा वेग, ४४६ नॉट (ताशी तितके नॉटिकल मैल), टेकऑफला ३,५८० फूट धावपट्टी, नऊजणांपर्यंत सीटा. आता २,७०० मैल मिळतात ते चार प्रवासी घेऊन आणि सावकाश, इंधन वाचवत गेल्यावर. ४४६ नॉटने पळवलं की रेंज कमी. ३,५८० फूट हे समुद्रसपाटीला, १५ डिग्री तापमानाला. मुंबईत १५ डिग्री कधी असतं? जानेवारीच्या एखाद्या पहाटे, तेही पेपरात बातमी येते तेव्हा.

रेंजच्या आकड्याशेजारी 'एनबीएए आयएफआर' असं लिहिलंय का ते बघा. अमेरिकेच्या नॅशनल बिझनेस एव्हिएशन असोसिएशनने ठरवलेली ही पद्धत आहे, म्हणजे ठिकाणावर पोचून उतरता आलं नाही तर २०० नॉटिकल मैलांवरच्या दुसऱ्या विमानतळावर जाण्याइतकं आणि वर अर्धा तास घिरट्या घालण्याइतकं इंधन शिल्लक धरून काढलेली रेंज. एका विमानाची रेंज या पद्धतीने आणि दुसऱ्याची 'मॅक्सिमम रेंज' म्हणून नुसती दिली असेल तर ती तुलनाच नाही, आंबे आणि फणस.

पायरी २: आपला एकच प्रवास पक्का करा, आणि तो वाईट दिवसाचा घ्या

"आम्ही सगळीकडे फिरतो" असं सांगणाऱ्या माणसाला कुठलंही विमान विकता येतं. तुम्ही वर्षात जे उड्डाण सगळ्यात जास्त वेळा करणार ते एक, आणि जे सगळ्यात अवघड करणार ते एक, असे दोनच कागदावर घ्या. माणसं किती, सामान किती, महिना कुठला, दुपार की रात्र, उतरायची धावपट्टी कोणती, एवढं लिहा.

मी इथे उदाहरण घेतो मुंबई ते दुबई, आठ प्रवासी, जानेवारी. सरळ रेषेत अंतर साधारण १,०४० नॉटिकल मैल, एअरवेजच्या, म्हणजे आखून दिलेल्या हवाई मार्गांच्या, वळणांसकट १,०८० धरू. हे मुद्दाम घेतलं कारण कागदावर हे चारही विमानांना हातचा मळ वाटतं. एक्सएलएसची ब्रोशर रेंज साधारण १,८५० आहे, म्हणजे दुबई तर रमतगमत, नाही का? बघूच.

पायरी ३: वजनाचा हिशेब, इथेच खरी गंमत आहे

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण ऐंशी टक्के गैरसमज इथेच मिटतात.

मिडसाइज जेटमध्ये टाकी फुल्ल आणि सीटा फुल्ल हे सहसा एकत्र होत नाही. विमानाचं क्रूसकट रिकामं वजन, अधिक माणसं आणि सामान, अधिक इंधन, ही बेरीज कमाल रॅम्प वेटच्या (उभं असताना, निघण्याआधी चालणारं जास्तीत जास्त वजन) आत बसायला हवी. लॅटिट्यूडचं गणित अगदी स्वच्छ निघतं: रॅम्प वेट ३१,०५० पाउंड, रिकामं वजन कंपनीच्या आकड्यानुसार साधारण १८,६५०, टाकी ११,३९४. वजाबाकी केली की उरतात जेमतेम १,००० पाउंड. म्हणजे टाकी फुल्ल केल्यावर माणसांसाठी आणि बॅगांसाठी साडेचारशे किलो. चार माणसं, फार तर पाच. बाकीच्या सीटा रिकाम्या.

आता आपली माणसं मोजू. कागदावर प्रवासी बऱ्याचदा ७५-७७ किलोचा धरतात. मी ८५ किलो माणूस आणि २० किलो सामान धरतो, आणि लग्नाची मंडळी असतील तर त्याहून जास्त, कारण पैठण्यांची बॅग वेगळी आणि आहेराची वेगळी. आठजण म्हणजे ८४० किलो, पाउंडात साधारण १,८५०.

एक्सएलएस: रॅम्प वेट २०,४०० पाउंड. रिकामं वजन समजा १२,९००. त्यात १,८५० घातले की १४,७५०. इंधनाला जागा उरली ५,६५० पाउंड, टाकी मात्र ६,७४० ची आहे. हजारभर पाउंड इंधन मुंबईतच राहिलं.

हॉकर ८००एक्सपी: रॅम्प वेट २८,१२०, रिकामं समजा १६,४००, माणसं धरून १८,२५०, उरले ९,८७०. टाकी १०,००० ची. म्हणजे हॉकर जवळजवळ फुल्ल टाकी आणि आठ माणसं घेऊन निघतं! म्हणूनच हे म्हातारं विमान, ज्याचा मूळ पूर्वज डी हॅविलँड १२५ पहिल्यांदा १९६२ साली उडाला, ते अजून चार्टरवाल्यांना आवडतं. दिसायला देखणं नाही, पण ओझं वाहतं, बैलगाडीसारखं.

लिअरजेट ६०: रॅम्प वेट २३,७५०, रिकामं समजा १४,९००, माणसं धरून १६,७५०, उरले ७,०००. टाकी ७,९१० ची.

यातली रिकामी वजनं मी 'समजा' म्हणून घेतलीत ते उगाच नाही. एकाच मॉडेलच्या दोन विमानांत दोनतीनशे पाउंडांचा फरक सहज असतो, कुणी वायफाय बसवलेलं असतं, कुणी जड लाकडी कपाटं, कुणी एपीयू (जमिनीवर असताना वीज आणि एसी चालवणारं छोटं इंजिन). तेव्हा विकणाऱ्याकडे त्याच विमानाचा वजन केल्याचा रिपोर्ट मागा, तारखेसकट. "स्टँडर्ड वेट आहे साहेब" हे उत्तर चालवून घेऊ नका.

दुसरी अट पण तपासा, झीरो फ्युएल वेट. म्हणजे इंधन सोडून विमान, माणसं, सामान मिळून किती जड चालतं त्याची मर्यादा. हॉकरला इथे फार मोकळीक नाही, आठजणांचं सामान जरा वाढलं की ही मर्यादा आधी लागते, टाकीत जागा असली तरी.

आणि सामान मावतं कुठे? एक्सएलएसला शेपटीकडे बाहेरून उघडणारी साधारण ८० घनफुटांची डिकी आहे, गोल्फ बॅगा आरामात जातात. हॉकरमध्ये मूळ रचनेत सामान केबिनमध्येच पुढे ठेवायचं, हवेत असताना हाताशी राहतं हे बरं, पण आठ मोठ्या सूटकेस आल्या की आतमध्ये एसटीच्या मागच्या सीटसारखी अवस्था.

पायरी ४: इंधन तासावर नाही, फेरीवर मोजा

"ताशी किती खातं?" हा प्रश्न चुकीचा आहे असं नाही पण अर्धवट आहे. पहिल्या तासात वर चढायचं असतं म्हणून जास्त जातं, नंतर विमान हलकं होत जातं तसं कमी. हॉकरवाले ढोबळ हिशेब सांगतात की पहिला तास २,००० पाउंड, दुसरा १,६००-१,७००, पुढे १,५०० च्या आसपास. एक्सएलएसला मी पहिला तास १,७०० आणि पुढे १,२५० धरतो, लिअरला १,६०० आणि १,३००. हे माझे तुलनेपुरते आकडे, तुमच्या विमानाच्या टेक लॉगमधले (प्रत्येक उड्डाणाची नोंदवही) घाला.

तासाचा सापळा कसा असतो ते बघा. एक विमान ताशी १,५०० पाउंड खातं आणि ४३० नॉटने जातं, दुसरं १,६५० खातं आणि ४७० ने जातं. तासावर बघितलं तर दुसरं दहा टक्के महाग. पण हजार मैलांना पहिल्याला लागतात सुमारे ३,४९० पाउंड आणि दुसऱ्याला ३,५१०. सारखेच! आणि दुसरं बारा मिनिटं आधी पोचलं, म्हणजे इंजिनाचे तासही कमी भरले.

पायरी ५: वारा

उडताना अंतर मैलात नसतं, वाऱ्यात असतं. सोपं सूत्र आहे, अंतराला विमानाच्या खऱ्या हवाई वेगाने गुणा आणि जमिनीवरच्या वेगाने भागा. समोरून ८० नॉटचा वारा असेल आणि विमान ४३० ने जात असेल तर जमिनीवर मिळतात ३५०.

अमेरिकेतलं नेहमीचं उदाहरण म्हणजे न्यूयॉर्कजवळच्या टेटरबरोहून लॉस एंजेलिसजवळच्या व्हॅन नाइजला जाणं, साधारण २,१३० नॉटिकल मैल. हिवाळ्यात पश्चिमेकडे जाताना ८० नॉट समोर धरले तर हे अंतर २,६०० मैलांइतकं 'लांब' होतं. आता रांग लावा: एक्सएलएस १,८५०, लिअर ६० साधारण २,४००, हॉकर साधारण २,५००, लॅटिट्यूड २,७००, जी१५० साधारण ३,०००. जी१५० निवांत जातं, लॅटिट्यूड चार माणसं असतील तर श्वास रोखून, बाकीचे मध्ये कुठेतरी इंधनाला उतरणार. आणि तोच प्रवास उलटा, ८० नॉट पाठीशी, तर अंतर होतं १,८०० च्या आत, म्हणजे एक्सएलएससुद्धा हलक्या ओझ्यात काठावर जाऊ शकतं. म्हणून कुणी "आमचं विमान कोस्ट टू कोस्ट जातं" म्हटलं की विचारायचं, कुठल्या दिशेने?

आपल्याकडे हिवाळ्यात उत्तर भारत, पाकिस्तान, आखात या पट्ट्यावर पश्चिमेकडून जोराचा जेट स्ट्रीम (खूप उंचावरचा वेगवान वारा) असतो, त्यामुळे मुंबईहून दुबईला जाताना तो समोर आणि येताना पाठीशी. पावसाळ्यात प्रकार उलटा, दक्षिण भारतावर खूप उंचावर पूर्वेकडून पश्चिमेकडे वारा वाहतो, ट्रॉपिकल ईस्टर्ली जेट म्हणतात त्याला, मग मुंबई-सिंगापूर जाताना तो नाकावर बसतो. मुंबई-सिंगापूर २,११० मैल आहे. महिना न सांगता रेंज सांगणाऱ्याचं ऐकू नका.

आता दुबईचं गणित पूर्ण करू. रिझर्व्ह, म्हणजे राखीव इंधन, किती ठेवायचं? दुबईला पर्याय म्हणून शारजा शेजारीच आहे, म्हणजे थोडंच ठेवलं तर? पण जानेवारीत पहाटे तिकडे धुकं पडतं आणि ते दुबई, शारजा असा भेदभाव करत नाही, सगळंच झाकतं. मग पर्याय मस्कत, साधारण १९० मैल. म्हणजे एनबीएएचं २०० मैलांचं रिझर्व्ह इथे अगदी चपखल बसतं.

एक्सएलएसकडे ५,६५० पाउंड, त्यातून १,३०० रिझर्व्ह काढले, उरले ४,३५०. पहिल्या तासात १,७०० पाउंड जाऊन चढतीसकट साडेतीनशे-पावणेचारशे मैल, उरलेल्या २,६५० मध्ये दोन तास सात मिनिटं, ४२५ नॉटने ९०० मैल. एकूण साडेबाराशे, ताणून १,२७०. आणि ८० नॉट वाऱ्यात दुबई किती 'लांब'? १,०८० गुणिले ४२५ भागिले ३४५, म्हणजे १,३३०. बसलं नाही! वारा ६० नॉटचा असेल तर १,२५७, जेमतेम. म्हणजे १,८५० मैलांचं विमान हजार मैलांवरच्या दुबईला अडखळलं. इंजिन तेच, विमान तेच, फक्त आठ माणसं, बॅगा, धुकं आणि वारा एकत्र आले. अर्थात पायलट वेग कमी करून सावकाश जाऊ शकतो, दोन माणसं कमी करता येतात, सगळं होतं, पण मग ब्रोशरमधला वेग विसरायचा.

हॉकरला याच प्रवासात साधारण ६०० मैलांची ऐस उरते, लिअरला साडेतीनशे-चारशेची. पण हॉकरलाच आठजण घेऊन सिंगापूरला पाठवा, तिथे तेही दमतं, कारण त्याच्या ९,८७० पाउंडांतून रिझर्व्ह गेल्यावर पावणेपाच तासांचं उड्डाण उरतं, म्हणजे वारा नसताना दोन हजाराच्या आतबाहेर.

पायरी ६: धावपट्टी, उष्णता आणि एक भागाकार

हा भागाकार मला फार आवडतो. विमानाचं कमाल टेकऑफ वजन भागिले पंखांचं क्षेत्रफळ. एक्सएलएस: २०,२०० भागिले ३७०, म्हणजे चौरस फुटाला ५५ पाउंड. लॅटिट्यूड ५७. हॉकर ७५. लिअरजेट ६०: २३,५०० भागिले २६४.५, चक्क ८९.

आता टेकऑफला लागणारी धावपट्टी बघा, ब्रोशरचीच: ३,५६०, ३,५८०, ५,०३०, ५,४५० फूट. त्याच क्रमाने! वजनाच्या मानाने इंजिनाची ताकद एक्सएलएस आणि लिअरची जवळपास सारखी आहे, दोघांचीही वजनाच्या दर पाउंडाला ०.३९ पाउंड जोर. पण लिअरचे पंख छोटे, त्यामुळे वर गेल्यावर ते रॉकेटसारखं चढतं आणि वेगात जातं, ५१,००० फुटांपर्यंत जायचं सर्टिफिकेट आहे त्याला, पण जमीन सोडायला वेळ लावतं. सायटेशनचे पंख मोठे, लवकर उचलतं, पण तेच पंख नंतर वेगाला आडवे येतात. कुठलंही एकच विमान दोन्हीत पहिलं येत नाही, पंख बदलता येत नाहीत ना हवेत.

उष्णतेचं बघू. पुणे लोहगाव समुद्रसपाटीपासून १,९४२ फूट. त्या उंचीला प्रमाण तापमान ११ डिग्री. एप्रिलच्या दुपारी ४० असतं, म्हणजे २९ डिग्री जास्त. ढोबळ नियम असा की प्रत्येक जादा डिग्रीला १२० फूट वाढवायचे: २९ गुणिले १२० झाले ३,४८०, अधिक १,९४२. म्हणजे विमानाला पुणं साधारण ५,४०० फुटांवर असल्यासारखं वाटतं, महाबळेश्वरच्याही वर! हवा पातळ, इंजिनाचा जोर कमी, पंखाचा उचल कमी. पुण्याची धावपट्टी आठ हजार फुटांच्या वर आहे म्हणून निभावतं, पण लिअरसारखं विमान फुल्ल वजनाने दुपारी काढायचं म्हटलं की चार्ट उघडून बसावं लागतं. नेहमीचा उपाय साधा आहे, पहाटे निघा.

अमेरिकेतलं टोकाचं उदाहरण ॲस्पेन, कोलोरॅडो. उंची ७,८०० फुटांच्या वर, धावपट्टी साधारण ८,००० फूट, चहूबाजूंनी डोंगर. उन्हाळ्यात २५ डिग्रीला तिथली 'वाटणारी' उंची जवळपास ११,००० फूट होते. तिथे धावपट्टी पुरली तरी दुसरी अट अडवते, ती म्हणजे एक इंजिन बंद पडल्यावर चाकं वर घेतलेल्या अवस्थेत दोन इंजिनांच्या विमानाने किमान २.४ टक्के चढण चढायला हवी, आणि डोंगर त्याहून उंच असतील तर आणखी. परिणाम असा की विमान अर्धी टाकी घेऊन निघतं आणि रायफल (कोलोरॅडोतलंच गाव) किंवा डेन्व्हरला उतरून इंधन भरतं. विकणाऱ्याला म्हणूनच "धावपट्टी किती लागते" एवढंच न विचारता "या तापमानाला, या उंचीला, जास्तीत जास्त किती वजनाने निघता येतं" असं विचारा. उत्तर पाउंडात आलं पाहिजे.

उतरण्याचं वेगळंच. अमेरिकेत चार्टरच्या नियमात जेट विमानाला उपलब्ध धावपट्टीच्या ६० टक्क्यांत थांबता आलं पाहिजे असं धरतात, म्हणजे मॅन्युअलच्या आकड्याला १.६७ ने गुणायचं, आणि ओली धावपट्टी असेल तर वर आणखी १५ टक्के. एक्सएलएसचं उतरायचं अंतर ३,१८० फूट, १.६७ ने गुणलं की ५,३००, पाऊस पडला की ६,१००. आता १,८०० मीटरची, म्हणजे ५,९०० फुटांची धावपट्टी घ्या. मे महिन्यात चालेल, जुलैत नाही. मालक स्वतःच्या खाजगी विमानाने जातो आणि तेच विमान चार्टरला दिलं की जाता येत नाही, यावरून झालेली भांडणं मी ऐकलीत. आपल्याकडचा नेमका गुणक ऑपरेटरच्या मॅन्युअलमध्ये असतो, तो मागून घ्या.

आणि हे सगळे चार्ट टायर, ब्रेक ठणठणीत आहेत असं गृहीत धरून काढलेले असतात. सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेत साउथ कॅरोलायनातल्या कोलंबियाला एक लिअरजेट ६० टेकऑफच्या धावेत टायर फुटून धावपट्टीबाहेर गेलं, सहापैकी चारजण गेले. तपासात निघालं की टायरमध्ये हवा खूपच कमी होती, आणि निर्णयाचा वेग (ज्याच्यापुढे थांबायचं नसतं, उडायचंच असतं) ओलांडल्यावर टेकऑफ सोडून दिला होता. कागदावर धावपट्टी भरपूर होती. मेंटेनन्सच्या नोंदी बघताना टायरप्रेशरचा कागद मागितला की समोरचा हसतो, हसू दे.

पायरी ७: वेगाचं कौतुक किती करायचं

थोडक्यात सांगतो. मुंबई-दिल्ली ६१५ मैल. ४४० नॉटच्या आणि ४६० नॉटच्या विमानात फरक चार मिनिटांपेक्षा कमी. दिल्लीच्या रांगेत घिरट्या घालाल तितका वेळ यापेक्षा जास्त. तीन तासांच्या आतल्या प्रवासाला वेगासाठी जास्त पैसे मोजू नका. लांब पल्ल्यात मात्र वेग कधीकधी एक थांबा वाचवतो किंवा वाढवतो, तिथे तो बघा.

पायरी ८: उडणाऱ्या विमानांची हेरगिरी करा

ही माझी आवडती पायरी, कारण फुकट आहे. अमेरिकेत १ जानेवारी २०२० पासून बहुतेक नियंत्रित हवाई हद्दीत एडीएस-बी (विमानाने आपली जागा, उंची आणि वेग सतत प्रसारित करणारी यंत्रणा) सक्तीचं झालं, त्यामुळे फ्लाइटअवेअर किंवा फ्लाइटरडार२४ या वेबसाइटवर त्या मॉडेलची खरी उड्डाणं दिसतात. वीसपंचवीस उड्डाणं निवडा आणि वहीत चार गोष्टी लिहा: किती फुटांवर गेलं, तिथे पोचायला किती मिनिटं लागली, जमिनीवरचा वेग, आणि एकूण वेळ.

नुसता एका दिशेचा वेग बघून भुलू नका, ५२० नॉट दिसले की लोक स्क्रीनशॉट पाठवतात, तो वारा असतो. त्याच मार्गावर जवळपास त्याच वेळी उलट दिशेने गेलेलं तेच मॉडेल शोधा. जाताना ३८०, येताना ४८०, मधला ४३०, हा विमानाचा खरा वेग.

उंची पण बोलते. हॉकरचं सर्टिफिकेट ४१,००० फुटांचं, पण फुल्ल वजनात गरम हवेत ते आधी ३५-३७ हजारांवर बसतं आणि हलकं झालं की पायऱ्यापायऱ्यांनी वर जातं. खाली राहिलं की इंधन जास्त आणि ढगांचे धक्केही जास्त, पावसाळ्यात तर फारच. लिअर किंवा एक्सएलएस लवकर चाळीशीपार जाऊन ढगांच्या वरून निघतं, प्रवाशाला हे ब्रोशरमधल्या कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त जाणवतं.

आणि सगळ्यात प्रामाणिक पुरावा म्हणजे ते कुठे थांबलं. जे विमान ब्रोशरमध्ये न्यूयॉर्क-लॉस एंजेलिस एका दमात जातं ते फेब्रुवारीत दर दुसऱ्या फेरीला वाटेतल्या कॅन्ससात अर्धा तास दिसत असेल तर उत्तर मिळालं.

पायरी ९: इंधन कुठून भरणार

हे कामगिरीत मोजत नाहीत पण मोजायला हवं. २०२३ च्या अर्थसंकल्पात महाराष्ट्राने मुंबई, पुणे, रायगडमधला विमान इंधनावरचा व्हॅट २५ वरून १८ टक्क्यांवर आणला, तरी काही ठिकाणी तो याहून बराच कमी असतो, मग लोक स्वस्तातलं इंधन टाकीत भरून आणतात. त्यासाठी मोठी टाकी हवी आणि उतरायच्या वजनात जागा हवी. हॉकर २८,००० पाउंडांनी निघतं पण उतरायची मर्यादा २३,३५०, म्हणजे फुल्ल भरून निघालात तर मधे ४,६५० पाउंड जाळलेच पाहिजेत. मुंबई-पुण्यासारख्या उडीला ही चलाखी चालत नाही.

पायरी १०: एकच तक्ता, आणि शेवटी मालकाचं लॉगबुक

वहीचं एक पान घ्या. डावीकडे विमानं, वर रकाने: त्या दिवशी घेता येणारं इंधन, रिझर्व्हनंतरचे तास, वारा धरून लागणारे मैल, उरलेली ऐस, निघतानाचं कमाल वजन, ओल्या धावपट्टीवर उतरता येतं का. दुसऱ्या पानावर हेच सगळं नेहमीच्या प्रवासासाठी, चार माणसं, पुणे-दिल्ली किंवा काय असेल ते. बहुतेकदा दोन पानांवर दोन वेगळी विमानं पहिली येतात. आपल्या उदाहरणात दुबईच्या पानावर हॉकर, आणि चार माणसांच्या दिल्लीच्या पानावर एक्सएलएस, निम्म्याच सीटा भरलेल्या, कमी इंधनात आणि आखूड धावपट्टीतून. मग विचारायचं की वर्षात दुबईच्या फेऱ्या किती? सहा असतील तर एक्सएलएस घ्या आणि त्या सहा फेऱ्यांना दुसरं मोठं विमान चार्टर करा, स्वस्त पडतं.

तक्ता झाला की ज्या विमानावर बोट ठेवलंय त्याचे शेवटच्या तीसेक उड्डाणांचे टेक लॉग मागा. प्रत्येकात निघतानाचं इंधन, उतरतानाचं इंधन, वेळ एवढं असतंच. आपल्या तक्त्यातले आकडे आणि लॉगमधले आकडे पाच टक्क्यांत जुळले तर ठीक. लॉग जास्त खाताना दिसला तर इंजिन थकलंय, किंवा पायलट नेहमी खाली आणि जोरात उडवतोय, किंवा रिकामं वजन सांगितलं त्यापेक्षा जास्त आहे. एकदा आमच्याकडे आलेल्या विमानाचं असंच सगळं शंभरदीडशे पाउंडांनी चुकत होतं, कुणालाच कळेना, शेवटी पुन्हा वजन केलं तेव्हा कळलं की जुन्या मालकाने नवं फर्निचर बसवून कागद तसेच ठेवले होते. आतली खुर्ची मात्र फारच आरामशीर होती.